पाणीवाल्या आई

घरात पाऊल टाकणाऱ्याला आधी पाणी, मग कोण-कुठला, हा माझ्या सासूबाईंचा शिरस्ता. वीजबिल देणारा असो की केळीच्या गाडीवरचा हमाल, तांब्या पुढे यायचाच. नुसतं देऊन भागत नसे. समोरच्याचं पिऊन होईपर्यंत त्या बघत उभ्या राहायच्या. आमच्या राजपुऱ्यात त्यांना सगळे ‘पाणीवाल्या आई’च म्हणत.

अशा बाईच्या किडन्या निकामी व्हाव्यात आणि तिच्याच पाण्यावर पहारा बसावा! पहारेकरी मी. सकाळी एक लहान बाटली भरून द्यायची, ती संपली की नाही म्हणायचं. केळ्यांच्या मुलखात राहून केळंही बंद. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, रिक्षा, ताटकळणं, घरी येऊन पुन्हा चूल. खरं सांगते, जीव मेटाकुटीला यायचा.

एखादा खाडा पडला की त्यांना धाप लागायची. मला वाटलं, दमा. डॉक्टरांनी समजावलं, “शरीरात आम्ल सारखं तयार होतं. रक्तात खायच्या सोड्यासारखं एक द्रव्य असतं, ते हे आम्ल झेलतं आणि रक्ताचा पीएच हलू देत नाही. किडनी बसली की आम्ल साचतं, झेलणारं द्रव्य कमी पडतं. मग शरीर जोरजोरात श्वास घेऊन निभावून न्यायला बघतं.”

आई पडल्या पडल्या म्हणाल्या, “मंजे झेलणारंच थकलं म्हना ना.”

सोड्याच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तर कहर. भज्यांत चिमूटभर सोडा पडला तरी मला फैलावर घेणारी ही बाई! गोळी तळहातावर घेऊन म्हणाल्या, “घे वं, जिंकली तू. आता रक्तातच सोडा.” मी इतकी हसले, की डायलिसिसच्या सिस्टरने डोळे वटारले.

तहान मात्र हसण्यावारी जात नव्हती. ओठांचे पापुद्रे निघायचे. एकदा त्यांचा हात माठाकडे गेला, तो मी धरला. वाटलं, आता चिडतील. तर म्हणाल्या, “तू तरी पी. मले बघू दे.” तेव्हापासून रोज त्यांच्यासमोर पेलाभर पाणी प्यायचे. त्यांना तेवढ्यानेच बरं वाटायचं.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाला डायलिसिसचं मशीन सोसेना. डॉक्टर म्हणाले, “घरी न्या. आता मागतील ते द्या.” दारात उतरवताना रिक्षावाल्याने विचारलं, “अम्मा, अब कब आना है?”

“अब नहीं आना, भैया. पानी पी के जाना.”

त्याला पाणी दिलं. मग माठातून तांब्या काठोकाठ भरला, त्यांना उशीला टेकवून बसवलं. “आई, प्या. आता कोणी अडवत नाही.”

त्यांनी एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला, डोळे मिटून गिळला. मग तांब्या माझ्याकडे सरकवला.

“बस झालं. आता तू पी वं पोरी. लय दमली तू.”

मी उभ्या उभ्या अख्खा तांब्या प्यायले. संपेपर्यंत त्या बघत होत्या.