साडूच्या गाडीचं ऑईल

हे माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही. बायकोला सांगितलं नाही, पोराला नाही, देवळात एकटा बसलो तेव्हा देवालासुद्धा नाही. आता बायको गेली. घरात मी आणि चार कोंबड्या. तुम्हाला सांगतो, कारण तुमची-माझी ओळख नाही. ओळखीच्या माणसाला सांगायचं धाडस माझ्यात अजूनही नाही — ते आधीच कबूल करतो.

चौथीपर्यंत शिकलोय. लिहिताना चुकतो, तेवढं समजून घ्या.

गाव माझं शिनोली. घोडेगाववरून भीमाशंकरला जाताना लागतं ते. विहिरीवर पूर्वी डिझेलचं इंजिन होतं, ते मी सांभाळायचो. तिथनं मला मशिनीचा नाद. पुढं मोटारसायकली आल्या, तर वाडीतली पोरं ऑईल बदलायला माझ्याकडंच यायची. त्यात काही मोठी विद्या नाही. नवं ऑईल मधासारखं दिसतं, मग चहासारखं होतं, मग काळं. नुसतं काळं झालं म्हणून फेकायचं नसतं. बोटांत धरून चोळायचं. बुळबुळीत लागलं तर अजून जीव आहे. पाण्यासारखं लागलं, जळका वास आला, कचकच लागली — तर एक दिवस ठेवायचं नाही. आणि डबा आणताना चारचाकीचा आणायचा नाही. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलात बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. एवढंच. एवढं मला येतं.

आमच्याकडं किलोमीटर बघून कोण ऑईल बदलतं? मीटर चालू असलेली गाडी आधी दाखवा राव. पावसाळाभर चिखलातनं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी रेटून इंजिन भाजून निघतं, म्हणून दसऱ्याला ऑईल बदलायचं. मग गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा. त्यानंतर पार उन्हाळा सरेपर्यंत कोणी त्याचं नाव काढत नाही. दसऱ्याला बदललंय ना? मग झालं. ऑईल किती राहिलंय ते दाखवणारी पट्टी असते इंजिनात, ती काढून बघायचीसुद्धा कुणाला गरज वाटत नाही. हे ध्यानात ठेवा. मीसुद्धा ध्यानात ठेवलं होतं.

आता किसनचं सांगतो.

किसन म्हणजे माझा साडू. माझी बायको हिरा, तिची धाकटी बहीण सुमन — सुमी म्हणायचो आम्ही — ती डिंगोऱ्याला किसनला दिलेली. त्याची जमीन पाण्याखालची, बागायती. टोमॅटो, द्राक्षं. आला की पाटी भरून घेऊन यायचा. बोलायला गोड. हिराला ‘अक्का’ म्हणायचा, तेही असं ओढून म्हणायचा की तिचा चेहरा उजळायचा. माझ्या हाकेला तिनं कधी तसं मान वर करून बघितलं का? आठवत नाही. मी हाक तरी कशी मारायचो — ‘अगं ए’. बस.

त्याची गाडी नवी. माझी जुनी, धूर सोडणारी. हिरा म्हणायची, “तुमची गाडी वळखायला लागत न्हाई. आदी धूर येतो, मागनं तुमी.” सगळे हसायचे. मीही हसायचो. हसताना आत काय व्हायचं ते कुणाला दिसत नव्हतं. “किसनराव गाडी आशी पुसत्यात, तोंड बघावं तिच्यात.” “किसनरावांनी सुमीला कुकर आणला.” “किसनराव भाकरी झाली की ताट सोता धुत्यात.” किसनराव, किसनराव. ती मला टोचायला बोलायची नाही, ते मला कळत होतं. मनात येईल ते बोलायची. म्हणूनच जास्त लागायचं.

एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी किसन आणि सुमी आमच्याकडं आले. हिराला घोडेगावला जायचं होतं, झेंडू आणि बांगड्या आणायला. मी चप्पल पायात घातली तोवर ती त्याच्या गाडीवर बसलीसुद्धा. सुमीच म्हणाली, “जा गं अक्का, ह्यांची गाडी हालत न्हाई.” मी चप्पल परत काढली.

आली ती हसत. कशाला हसत होती, देव जाणे. त्याच्या खांद्याला धरून उतरली, पदर वाऱ्यानं उडालेला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. माझ्या गाडीवर ती सीटचं कडं धरून बसायची — जीव मुठीत घेऊन, अवघडल्यासारखी. माझ्या मागं बसून ती एकदाही हसली नव्हती. मी दारात उभा राहून बघत होतो, तिला दिसलोही नाही.

वाईट काही नव्हतं बरं का. किसन तिला बहिणीसारखा मानायचा. तसलं काही मनात आणू नका. मीही आणलं नव्हतं. मला फक्त ते हसू पाहिजे होतं. ते माझं होतं, असं मला वाटत होतं.

उतरल्यावर किसननं मला ऑईलचा डबा दिला. सीलबंद, चांगला, मी सांगितला होता तसलाच. किल्ली हातावर ठेवली आणि म्हणाला, “अण्णा, तुमच्याबिगर दुसऱ्याच्या हातात मी गाडी देत न्हाई.” आणि आत गेला. नवरात्राचा उपास होता सगळ्यांचा. हिरानं गरम भगर आणि शेंगदाण्याची आमटी पहिली त्याला वाढली. मी गाडी घेऊन गोठ्यामागं बसलो होतो, तिथं मला तिचा आवाज येत होता. “घ्या की अजून, लाजताय काय!”

मी त्याच्या गाडीचा बोल्ट काढला. घमेल्यात ऑईल सोडलं. बोटांत चोळलं — संपलेलं होतं. जळकं, पातळ. एक दिवस ठेवायचं नाही असलं.

मग मी काय केलं?

मी माझ्या गाडीचं ऑईल सोडून दिलं आणि त्याचा नवा डबा माझ्या गाडीत ओतला. त्याचं जळकं ऑईल हिराच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातनं गाळलं आणि परत त्याच्याच गाडीत ओतलं. थोडं घमेल्याला राहिलं, थोडं फडक्यात मुरलं. कमी पडलं. पट्टीच्या खालच्या खुणेपर्यंतसुद्धा पोचलं नाही. मी बघितलं ते. बघून पट्टी पुसली आणि बसवली.

तो माणूस पडावा असं माझ्या मनात नव्हतं. पण मग काय होतं? तेही सांगतो. ती चकचकीत गाडी कुठंतरी धूर सोडत बंद पडावी, त्यानं ती ढकलत आणावी, आणि हिरानं ते बघावं. एवढं साधं. एवढं हलकट.

बाहेर येऊन म्हणालो, “झालं पाव्हणं. आता उन्हाळ्यापर्यंत बघायचं काम न्हाई.”

तो म्हणाला, “तुमी म्हणला म्हंजी झालं.”

त्यानं खरंच बघितलं नाही. हिवाळाभर गाडी पळवली, टोमॅटोचे क्रेट बांधून पळवली. मध्ये एकदा भेटला तेव्हा म्हणाला, “अण्णा, गाडी जरा कडक आवाज करती.” तेव्हा सांगता आलं असतं. “आणा, बघू” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, “थंडीचं हुतं तसं.”

उन्हं तापायला लागली तेव्हा ते दोघं आमच्याकडं येत होते. जुन्नरकडून घोडेगावला येताना एका चढाला इंजिन जाम झालं, मागलं चाक जागेवर धरलं. गाडी आडवी. सुमी एका अंगानं बसलेली, ती रस्त्यावर आदळली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळी घातली. पण तेव्हापासून ती काठीवर आहे. ती पोरगी — माझ्या लग्नात ती परकर सावरत मांडवभर पळत होती.

जुन्नरच्या मेकॅनिकनं इंजिन खोललं तेव्हा आत कोळसा. ऑईल नावालाच. त्यानं विचारलं, कधी बदललं होतं? किसन म्हणाला, दसऱ्याला, आमच्या अण्णांनी बदललं. मेकॅनिक म्हणाला, मग नंतर खाल्लं असेल गाडीनं, तुम्ही पट्टी काढून बघितली नाही का? किसननं बघितली नव्हती हे खरंच होतं.

हे त्यानंच आम्हाला सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून. माझ्याकडं बोट दाखवायला नाही सांगितलं. आपली चूक म्हणून सांगितलं. “मीच बघायला पायजे व्हतं, अक्का.”

हिरानं माझ्याकडं बघितलं. त्या एका घडीत माझ्या हातात सगळं होतं. मी म्हणालो, “म्या तर नवा डबा वतून दिला व्हता. पण नंतर ज्याचं त्यानं बघाया नको?”

मग तिची जीभ सुटली. “गाडी पुसाया येळ व्हता व्हय पाव्हणं? वरनं पुसायची आन् आत राख! माझ्या भनीचा जल्म गेला. माझ्या उंबऱ्याला आता पाय लावू नका.”

त्यानं बसल्या जागी तिला हात जोडले.

आणि मला — आता हे ऐका, ऑईलचं एक वेळ सोडा — मला बरं वाटलं. सुमी आत खाटेवर कण्हत होती आणि मला बाहेर बरं वाटलं. त्या दिवसापासून आमच्या घरात ‘किसनराव’ हे नाव बंद झालं. हिरा माझ्या गाडीवर मागं बसायला लागली तर म्हणायची, “तुमची धुराची आसंना, पण भरवशाची.” भरवशाची. हा शब्द मी किती वर्षं चघळला म्हणून सांगू? मला ठावं होतं तो कुठनं आलाय. तरी गोड लागायचा.

किसननं गाडी विकली. परत घेतलीच नाही. पैशाला तोटा नव्हता, माणूसच भ्यायला. मशीन आपल्या हाताला धार्जिणं नाही, असं त्याच्या डोक्यात बसलं. शेजारच्या पोराच्या मागं बसून जुन्नरला जातो, चढ आला की उतरतो आणि चालतो. मला सुमीनं सांगितलं. मी “हं” म्हणालो.

हिरा आजारी पडली तेव्हा सुमीला घेऊन तो जीपनं यायचा. सुमीला हाताला धरून उंबऱ्यापर्यंत आणायचा आणि मागं फिरून बांधावर जाऊन बसायचा. भर उन्हात. आत दोघी बहिणी बोलत असायच्या. एकदा मी हिराला म्हणालो, “पाव्हण्यांना आत बोलावू का?” ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “न्हाई.” मी परत विचारलं नाही. तिच्या अंथरुणापाशी मी महिनोन् महिने बसलो. रात्री, दुपारी, कधीही सांगता आलं असतं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, मग त्याला आत बोलावलं असतं, आणि तो ‘अक्का’ म्हणाला असता. तेच मला नको होतं. ती मरत होती आणि मला तिचं बघणं वाटून घ्यायचं नव्हतं.

राग मनात ठेवून गेली. माझ्यासारख्या खोट्या माणसावरचा नाही, किसनसारख्या खऱ्या माणसावरचा.

दहावा घोडनदीच्या काठाला झाला. माणसं लई आली. पिंड ठेवला, कावळे लिंबावर बसून होते, खाली एक येईना. तुम्हाला माहीत आहे असं झालं की काय होतं — मागं काय राहिलंय ते लोक शोधायला लागतात. पोरानं हात जोडले, “आई, अण्णांना मी संभाळतो.” कावळा हालला नाही. तिच्या भावानं जोडले. नाही. मग मला पुढं केलं. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते मला ठावं होतं, त्या सगळ्या गर्दीत फक्त मलाच ठावं होतं. मी मोठ्यांदा म्हणालो, “सुमीकडं बघंन मी. काळजी करू नको.” आणि मागं सरलो. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेवढ्यात किसन पुढं आला. चप्पल काढली, वाळूत गुडघे टेकले आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, “अक्का, सुमीला म्या पाडली. माझ्याच हयगयीनं झालं ते. राग सोड आता.”

कावळा आला. एक आला, मग दोन-तीन.

बाया रडायला लागल्या. “राग व्हता बाई, गेला,” म्हणाल्या. कावळ्याला भूक लागली असेल, मला काय कळतं? पण गावानं निकाल लावून टाकला. किसन उठेना, म्हणून मी त्याला खांद्याला धरून उठवला. माझ्या ह्याच हातानं. आणि म्हणालो, “जाऊ द्या पाव्हणं. माफ केलं तिनं तुमाला.”

तो माझ्या गळ्यात पडून रडला.

लाज तेव्हा आली असेल असं तुम्हाला वाटतं ना? नाही आली. ती नंतर आली. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, मी पिंडाकडं बघत होतो, आणि माझ्या मनात एकच होतं — मी हाक मारली तेव्हा ती आली नाही. त्याच्यासाठी आली.