एरोंदिनाचा घास

ब्राझीलमधल्या गोयासच्या त्या वस्तीत घास अडकणं नवलाचं नव्हतं. लहानपणी मातीच्या भिंतीतला किडा चावायचा आणि चागासचा आजार तेव्हाच अंगात शिरायचा. पुढे अन्ननलिका सैलावायची, घास पुढे ढकलायचंच विसरायची. एरोंदिनाचं तेच झालं होतं. प्रत्येक घासामागे पाणी, मग उभं राहून दोन्ही हात वर, तेव्हा कुठे तो खाली उतरायचा. पाहुण्यांसमोर हे नको, म्हणून सून तिला अकरा वर्षं चुलीमागे वाढत होती. एरोंदिनानंही ते निमूट ऐकलं होतं, आणि आता त्याचाच तिला संताप येत होता.

या जानेवारीत, बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन राजांची गाणी गात घरोघर फिरणारी मंडळी तिच्या घरी जेवायला आली. कोंबडी, भात, घेवडा, सगळं तिनंच रांधलं. मग ताट वाढून घेतलं आणि सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन बसली.

मुलगा वाल्दिविनो कानाशी आला. "आई, आत चल ना. लोक बघतायत."

"बघू देत. कोंबडी मी कापायची आणि खायची चुलीमागे?"

"तुला तासभर लागतो गं. गाणं अडून राहील."

"मग राहू दे. माझ्या घशात रोज अडतं, त्यांचं एकदा अडलं तर काय बिघडलं?"

शेवटचा माणूस चमचा खाली ठेवीपर्यंत अन्नाच्या आभाराचं गाणं धरायचं नाही, असा तिथला नेम. सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. ती मात्र घास घेई, पाणी पिई, उठून हात वर करी, पुन्हा बसे.

ढोलकीवाला हसला. "आजी, कुणाला शरण चाललीस?"

"अजून तरी कुणाला नाही, बाळा."

तेवढ्यात तिचं लक्ष समोर गेलं. मंडळींचा कप्तान ओरोझिंबो नुसता रस्सा प्यायला होता, भात तसाच होता. घरोघरी तो उपासाचा नवस सांगायचा आणि सगळे त्याला भाविक म्हणायचे. त्याच्या सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल लोंबत होती.

"कप्तान, हा नवस घशाला कधीपासून लागलाय?"

त्यानं मान खाली घातली. "सहा वर्षं झाली," तो हळूच म्हणाला.

एरोंदिनानं पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. "घास लहान घ्या, पाणी भरपूर. अडकला तर उभे राहा. मी आहे ना."

ओरोझिंबोनं गिटार बाजूला ठेवली आणि चमचा उचलला. थोड्या वेळानं टेबलाशी दोन म्हातारी माणसं हात वर करून उभी होती, आणि वीसजण गाणं तोंडात धरून मुकाट बसले होते.