नव्वद टक्क्यांची खुर्ची

थोरली वकील झाली आणि आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात चिकटली, तेव्हा बाबांनी नाक मुरडलं. काळा कोट घालायचा सोडून फोन कसले करतेस! काम तसंच होतं. नुकत्याच पास झालेल्यांना देशभर फोन लावायचे, कुठे कामाला आहात विचारायचं आणि तक्ता भरायचा. तो तक्ता माहितीपत्रकात छापायचा. तो बघून नवी गिऱ्हाइकं, म्हणजे विद्यार्थी, प्रवेश घ्यायची.

थोरलीचा हात लवकरच बसला. फरशीच्या दुकानात उभ्या असलेल्या पोराला तिने ‘बांधकाम करार सल्लागार’ केलं. दारोदार विमा विकणारी ‘विमा कायदा’ या रकान्यात गेली. कोर्टात खरोखर उभे राहणारे बोटांवर मोजण्याइतके. आधी तिला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. तिला कायम व्हायचं होतं, बस. नोकरी लागलेल्यांचा आकडा नव्वद टक्क्यांना पोचला तर बघू, असं प्राचार्य म्हणाले होते.

तक्ता छापायला द्यायच्या शेवटच्या दिवशी नव्वदला एक माणूस कमी पडला. घरी बसलेल्यांच्या यादीत तिची धाकटी बहीण होती, यंदाच पास झालेली.

"सर, तिला इथेच घ्या ना, महिनाभर तरी," थोरली म्हणाली. "आकडा पुरा होईल."

"डोकं आहे बाई तुला!" प्राचार्य खूश झाले. "पण जागा एकच आहे. तुझी."

"म्हणजे?"

"तू गेल्या वर्षीची. तुझी मोजणी व्हावी म्हणून तर तुला घेतलं होतं. आता तुला ठेवून आकडा वाढतोय थोडाच?"

"पण कायम करणार होतात..."

"बघू म्हणालो होतो. कायदा शिकलीस ना? बघू म्हणजे करार नव्हे." मग ते मायेने म्हणाले, "गेल्या वर्षीच्या तक्त्यात तुझी नोकरी छापलेली आहे. ती कोण काढतंय? आणि बहीण नको असेल तर सांग, यादीतलं दुसरं कुणी येईल."

थोरलीने बहिणीचंच नाव लिहिलं. घरी सांगितलं, कंटाळून मीच सोडली.

बाबांनी धाकटीची पाठ थोपटली. "बघ, पहिल्या फटक्यात लागली! नाहीतर ही. मिळालेली लाथाडून आली."

थोरलीला बहिणीच्या नोकरीचा आनंद झाला नाही, उगाच खोटं कशाला सांगा. पण धाकटी वही घेऊन शेजारी बसली, तेव्हा तिने सगळं शिकवलं. आवाज गोड ठेवायचा. काम नाही म्हणाले तरी फोन ठेवायचा नाही, दिवसभर काय करता ते विचारायचं, काहीतरी निघतंच.

"आणि ताई, गेल्या वर्षीचे, तुझ्यासारखे घरी बसलेले? त्यांना कधी फोन करायचा?"

"त्यांना करायचाच नाही."

धाकटीने तेही लिहून घेतलं.