सुतकात घेतलेली अ‍ॅडमिशन

मनीषा गेल्याचा फोन माझ्या नातवाने केला. सुयोग म्हणाला, "आजी, मम्मी गेली." मी विचारलं, पप्पा कुठे आहेत. म्हणाला, खाली हॉस्पिटलच्या ऑफिसात, सह्या करतायत. मनीषा माझी सून, माझ्या दिलीपची बायको. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. पोटाचा कॅन्सर होता, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, त्यामुळे फार मोठा धक्का बसला असं मी लिहिणार नाही. फोन ठेवून मी स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेले. सायली, माझी नात, आईसाठी डब्यात पेज भरत होती. मी तिच्या हातातून डबा काढून घेतला आणि तिला कळलं. ती ओट्याला पाठ लावून खाली बसली. त्याच संध्याकाळी तिच्या फार्मसीच्या प्रवेशाची पहिली यादी लागायची होती. ते तिलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं.

आता दीडेक महिना होऊन गेला. माणूस गेलं की त्याच्याबद्दल सगळं गोडच बोलायचं अशी पद्धत आहे. मनीषा गोड नव्हती. मीही नाही. मुंबईत चारकोपच्या सेक्टरमधली आमची खोली, खाली एक, वर पोटमाळ्यासारखी एक. एवढ्या जागेत दोन तोंडाळ बायका चोवीस वर्षं राहिल्या तर काय होतं ते शेजाऱ्यांना विचारा. मी इंडस्ट्रियल इस्टेटीत बाटल्यांची झाकणं पॅक करायला जायचे, ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायची. एकदा मला सणसणून ताप होता. वाटलं, सून बसलेली आहे, सरळ आत सोडेल. तिने मला चिठ्ठी दिली आणि म्हणाली, "आई, बसा. तुमच्या आधी बरेच आहेत." मी सगळ्या दवाखान्यासमोर तिला बोलले. ती हसली नाही की चिडली नाही. "आज तुम्हाला आधी सोडलं तर उद्या माझं कोण ऐकणार?" एवढंच म्हणाली. घरी आल्यावर तिनेच माझे पाय चेपले, पण नंबर काही दिला नाही.

आमचं गाव कणकवलीच्या पुढे. घरचा गणपती आहे, आणि आमच्याकडे गणपतीला कोण येणार का असं विचारत नाहीत. बोनस मिळो न मिळो, मूल तापाने फणफणलेलं असो, गाडीत बसायचं. सुयोगच्या बारावीनंतर त्याचा इंजिनिअरिंगचा प्रवेश चालू होता. सगळं गणपतीच्या आधी आटपेल असं ठरलेलं, पण तारखा पुढे गेल्या. त्यातलं आम्हाला काय कळतंय? दिलीपला वाटलं, नाव लागलं की मुंबईला परत जाऊन बघू. सुयोगलाही तसंच वाटलं, कारण अठरा वर्षांच्या पोराला गावच्या भजनाच्या बाऱ्यांपुढे, मंडळांच्या चढाओढीपुढे, काही दिसत नाही. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. शाळेच्या मागच्या सड्यावर, उंच कातळावर, चढलं तर मिळते. पाचव्या दिवशी गौरी जेवल्या आणि संध्याकाळी सुयोग सहज सड्यावर गेला. तो खाली आला तेव्हा त्याचं तोंड पाहूनच मनीषा उठून उभी राहिली. नाव लागलं होतं, चांगल्या कॉलेजात लागलं होतं, आणि जाऊन कागद दाखवायची मुदत त्याच दिवशी दुपारी संपली होती. पुढच्या फेरीत जे मिळालं ते पार लांबचं, त्याला नको असलेलं. शेवटी पोराने बीएस्सी केलं. आज विमानतळाजवळ मालवाहतुकीच्या कंपनीत आहे, बरं चाललंय. चूक कोणा एकाची नव्हती. गावचा गणपती आणि कॉलेजची तारीख एकमेकांच्या आड येऊ शकतात, हे तोवर आमच्यात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मनीषाने त्या दिवशी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. विसर्जनाला मात्र ती नदीवर आली नाही, पडवीत बसून राहिली.

सायली अकरावीला गेली तेव्हाच तिने जाहीर करून टाकलं की मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी ती आणि सायली गावाला येणार नाहीत. मी म्हटलं, घरच्या सुनेशिवाय गौरी कशी आणणार? ती म्हणाली, "गौर दर वर्षी येते आई. बारावी एकदाच होते." आमचं त्यावरून आठ दिवस वाजलं. मी अजूनही म्हणते की ते तिने मुलांच्या देखत बोलायला नको होतं. पण मागे ती हटली नाही. दवाखान्यातून आली की सायलीशेजारी बसायची. शिकवायची नाही. तिला त्यातलं काही येत नव्हतं, येत असल्याचं नाटकही तिने कधी केलं नाही. मटार सोलायची, नाहीतर कपड्यांच्या घड्या घालायची, आणि पोरगी मोबाइलवर गेली की घसा खाकरायची. सायली वैतागायची, "मम्मी यार, तू वॉचमन आहेस का?" ही म्हणायची, "हो. पगार दे."

सायलीची परीक्षा दोन महिन्यांवर असताना मनीषाच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या, मग ऑपरेशन, मग ते सलाइनमधून देतात ते औषध. केस गेले, तोंडाची चव गेली. तिने सायलीला आपल्याबरोबर हॉस्पिटलात एकदाही नेलं नाही. दिलीप नाहीतर सुयोग जायचा. मला वाटलं होतं आजारपणात तरी ती ते तारखांचं वेड सोडेल. उलट ते वाढलं. सीईटीचं सेंटर मुलुंडला आलं, तर आदल्या रविवारी तिने सुयोगला बहिणीबरोबर पाठवून रस्ता बघून घ्यायला लावला. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता तेव्हा घरात भांडण पेटलं. दिलीपला जवळचं कॉलेज पहिलं हवं होतं, आई आजारी, पोरगी घराजवळ बरी. सायलीला अंधेरीचं मोठं कॉलेज हवं होतं, पण बापापुढे ती गप्प बसली. मनीषा भिंतीला टेकून पडली होती. म्हणाली, "आधी हवं ते लिही. मग जमेल ते. चालेल ते सगळ्यात शेवटी. आणि माझ्या आजारपणाला रांगेत घुसवू नका." दिलीप उठून बाहेर गेला. सायलीने तसं भरलं.

मग एक दुपार. घरात आम्ही दोघीच. मी तिला तांदळाची पेज देत होते आणि ती नीट गिळत नव्हती, म्हणून मी ओरडत होते. तिने माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता.

"आई, यादी लागेल त्या आठवड्यात मी असेन-नसेन. नसले तर सुतक धरून बसू नका. सायलीला कॉलेजात पाठवा."

मी म्हटलं, हे दिलीपला सांग.

"त्याला नाही सांगणार. तो क्रियेला बसेल, भावकी गोळा होईल, कोण काय म्हणेल ते तो ऐकेल. तुम्ही कोणाचं ऐकत नाही. तुमचं तोंड खराब आहे, ते एकदा तरी कामाला येऊ दे."

मी म्हटलं, आधी पेज संपव. तिने संपवली. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तिला समजलं असावं, कारण पुन्हा तिने तो विषय काढला नाही. माझ्या मनात मात्र घोळत राहिला. सुतक काय चीज आहे ते मी लहानपणापासून पाळत आले आहे. माझी आई गेली, सासरा गेला, नवरा गेला, दर वेळी पाळलं. दहा दिवस घरात चूल नाही, देवाला दिवा नाही, कोणाच्या दारात जायचं नाही, शुभाचं काही करायचं नाही. लग्न न झालेल्या मुलीला आईचं पुरं सुतक. ते मोडायला मला कोणी सांगेल, आणि तेही मरणारं माणूस स्वतः सांगेल, असं वाटलं नव्हतं.

मनीषाला नेऊन आलो त्यानंतर सुयोगने यादी पाहिली. सायलीचं नाव अंधेरीच्या त्याच कॉलेजात लागलं होतं, पहिल्या पसंतीला. कागद घेऊन जायची मुदत दहाव्याच्या बरीच आधी संपत होती. सुयोगने ते मला हळूच सांगितलं, तेही मोरीजवळ, बाकीचे बाहेर बसलेले असताना. घर माणसांनी भरलं होतं. शेजारून पिठलं-भात येत होता. दिलीप कोपऱ्यात घोंगडीवर, खांद्यावर पंचा, दाढी वाढलेली. मुलुंडचे नाना, म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलत भाऊ, भावकीत तेच वडील, रोज सकाळी यायचे आणि काय चालतं काय चालत नाही ते सांगत बसायचे. माणूस वाईट नाही. मनीषाच्या औषधाला धावलेला आहे. पण रूढीच्या बाबतीत लोखंड.

चौथ्या दिवशी सकाळी मी सायलीला म्हटलं, तयार हो. ती माझ्याकडे बघत राहिली. मी स्वतः लुगडं बदललं. नाना दारातच बसले होते. त्यांना अंदाज आला.

"वयनी, सुतकात चेडवाक खंय नेतास?"

मी सांगितलं, पोरीला कॉलेजात.

"धाव्यापर्यंत थांबा. सीट काय पळान जाता?"

"जाता, नाना. ह्या घरातली एकदा गेली."

ते म्हणाले, आईच्या चितेची राख थंड झाली नाही आणि पोरगी अ‍ॅडमिशन घ्यायला निघाली, लोक तोंडात शेण घालतील. म्हणाले, पोरीच्या डोक्यावर दोष येईल, पुढे संसारात नडेल. हे ऐकून सायली मागे सरकली. तिथेच बसणार होती ती. मला तेवढंच दिसलं, की ती आता बसली तर उठणार नाही, आणि जन्मभर म्हणेल, आई गेली त्यात माझं कॉलेजही गेलं. मी नानांना म्हटलं, दोष असेल तर माझ्या डोक्यावर घाला, मला आता कुठला संसार करायचाय. आणि हे मनीषाने मला सांगून ठेवलंय. तिचं सुतक, तिनेच सोडवलंय. तुम्हाला तक्रार असेल तर तिच्याकडे करा.

नानांनी दिलीपकडे पाहिलं. मीही पाहिलं. खरं सांगायचं तर मला माझ्या पोराचा भरवसा नव्हता. त्याने मान वर केली नाही. तसाच म्हणाला, "आई, मूळ कागद कपाटात वरच्या खणात आहेत. झेरॉक्स पण ने."

सुयोगने रिक्षा आणली. सायलीने अख्ख्या रस्त्यात कागद मांडीवर धरून ठेवले. कॉलेजात मोठी रांग. सगळी पोरं आईबापांबरोबर, कोणी पेढ्याचा बॉक्स घेऊन. आम्ही दोघी कोणाला स्पर्श होऊ नये म्हणून कडेकडेने उभ्या. सुतक मोडलं तरी इतकी वर्षांची सवय सुटत नाही. खिडकीतल्या माणसाने कागद पाहिले, विचारलं, आई किंवा वडील कोण आलंय, इथे सही लागेल. सायलीने सांगितलं, पप्पा येऊ शकत नाहीत, आजी आली आहे. तो म्हणाला, मग आई? ती म्हणाली, "मम्मी सोमवारी गेली." त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, बाळ, अर्ज दिला असतास तर काही तरी बघितलं असतं. सायली म्हणाली, "मम्मीला अर्ज आवडत नव्हते. रांगेत उभं राहायचं म्हणायची." आणि तिथे ती पहिल्यांदा रडली, त्या खिडकीसमोर, मागे एवढी रांग असताना. मी सही केली. चौथीपर्यंतचं शिक्षण, अक्षर मोठं येतं, चौकटीच्या बाहेर गेलं. त्याने चालेल म्हटलं.

घरी आलो तर नानांनी आम्हाला बाहेरच्या नळावर अंगावर पाणी घ्यायला लावलं. तेवढं मी ऐकलं. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. नाना माझ्याजवळ येऊन म्हणाले, बरोबर केलंत वयनी, इच्छा उरली नव्हती. मला विचाराल तर तिथल्या कावळ्यांना सदाच भूक लागलेली असते. पण नानांना बरं वाटलं, मी कशाला बोलू.

तेरावं झाल्यावर दिलीप मनीषाचा मोबाइल बंद करायला निघाला. सायली म्हणाली, करता येणार नाही, फॉर्मवर मम्मीचाच नंबर आहे, कॉलेजचं सगळं त्याच्यावर येतं. बदलायला अर्ज द्यावा लागेल. तो तिने अजून दिलेला नाही. त्यामुळे फोन फ्रिजवर असतो आणि चार्ज करायचं काम माझ्याकडे. गेल्या आठवड्यात दुपारी तो वाजला. सुयोगची सुट्टी होती, त्याने वाचून दाखवलं, आपली मुलगी आज तासाला गैरहजर आहे. संध्याकाळी सायली आली. मी पाणी दिलं. विचारलं, कुठे होतीस. म्हणाली, कॉलेजात.

मी म्हटलं, "तुझ्या आईला मेसेज आलाय, नव्हतीस म्हणून. तिला काय सांगू?"

तिने फ्रिजकडे पाहिलं. मैत्रिणींबरोबर सँडविच खायला गेले होते, म्हणाली. मग बॅग खाली ठेवत म्हणाली, "सांग, उद्या जाते."

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन दारात बसले. दुपार झाली, ऊन भिंतीवर चढलं. फोन वाजला नाही. म्हणजे गेली होती.