मूळचं नाशिक रोडचं कोण?

गांगुर्डे बाई गेल्याचं मला शाळेच्या फाटकातच कळलं. आमच्या शिपायानं सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "गांगुर्डे बाई गेल्या हो, पहाटे." निवृत्त होऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्या दिवशी शाळा लवकर सुटली, आम्ही सगळ्या त्यांच्या घरी जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा भरले. याला आता महिना होऊन गेला. रडू तेव्हा आलं नाही, आताही येत नाही. पण एक संक्रांत मात्र राहून राहून आठवते...

पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असावा. शाळेत बहुतेक मुलं रेल्वेतल्या आणि छापखान्यातल्या नोकरदारांची. चौथीच्या दोन तुकड्यांपैकी एक बाईंकडे, दुसरी माझ्याकडे आणि मधे फळ्यांची आडभिंत, त्यामुळे इकडचं सगळं तिकडे ऐकू जाई. संक्रांतीला मुलं तीळगूळ वाटत होती. मीनाक्षी नावाची मुलगी, वडिलांची मद्रासकडून बदली झाल्यामुळे नुकतीच आलेली, डब्यात गोड भात घेऊन आली होती. त्यांच्याकडे त्याच दिवशी पोंगल. तिच्या डब्यात कुणी हात घातला नाही. उलट एकजण म्हणाला, "तुमच्या गावाला जाऊन वाट." बाईंनी त्याला रागावलं नाही. डब्यातला घास आधी स्वतः खाल्ला आणि विचारलं, "मूळचं नाशिक रोडचं कोण कोण आहे?" मीनाक्षी सोडून झाडून सगळे हात वर. "बरं. आज घरी विचारा, आपण इथं कुठून आलो, कशासाठी आलो. उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मा महाराष्ट्र गोळा झाला. कुणी सटाण्याचं, कुणी वणीचं, कुणी कोकणातलं. एकाचे आजोबा तर पार सिंधमधून आलेले. शेवटच्या बाकावरची, इथल्याच शेजारच्या विहितगावची शांता तेवढी उठून म्हणाली, "आमी कुठूनच नाय आलो. आमची शेतं हितंच होती. तुमी समदे नंतर आले." मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. "तिचं खरं आहे. मग या वर्गात पाहुणे कोण?" तेवढ्यात उज्ज्वला नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

बाईंनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. सिन्नरकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. "आमची घरं गावाबाहेर. आडाला आम्ही शिवायचं नाही. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत उभं राहायचं. मग वडिलांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं आमचं काम आणि धान्य बंद केलं, म्हणून आम्ही इथं आलो. तेव्हा मी तुमच्याएवढी होते." आडभिंतीच्या अलीकडे माझाही वर्ग ऐकत होता.

उज्ज्वलाचे वडील दुसऱ्याच दिवशी शाळेत आले. संतापले होते. "गाव आमचंही तेच आहे. पोरगी घरी विचारते, आपणही बाईंना वरून पाणी घालत होतो का?"

"मी चुकीचं काय सांगितलं, ते सांगा," बाई म्हणाल्या.

"चुकीचं नाही... पण लेकरांना कशाला?"

"लेकरांनीच विचारलं."

मुख्याध्यापकांनी बाईंना हा विषय थांबवायला सांगितलं आणि उज्ज्वलाला माझ्या तुकडीत बसवलं. बाई मुलांना गणित शिकवायला लागल्या.

फाल्गुनात उज्ज्वलाची आजी गावाहून आली. नातीचं बोट धरून एक दिवस थेट शाळेत, बाईंच्या वर्गाच्या दारात. "पोरगी म्हनली, आपल्या गावच्या बाई हायेत. तू सखूची लेक ना?" बाई उठून उभ्या राहिल्या. "हो."

"माज्या पोराला पयला हात तुज्या आईनं लावला. मूल आडलं व्हतं... रातच्याला तिला मागल्या दारानं बोलावली, मागल्या दारानंच धाडली. जेवाया सुदिक नाय घातलं. आता त्यो हितं येऊन तुज्यावर वरडला म्हनं. त्याला काय म्हाईत? आमी कुनी सांगितलंच नाय."

"आईनंही मला सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी आजींना आपली खुर्ची दिली. म्हातारीनं वर्गाकडे पाहून विचारलं, "सांगू का ह्यास्नी?" बाईंनी होकारार्थी मान हलवली आणि मला हाक मारली. मी माझी मुलं घेऊन गेले. दोन्ही तुकड्या जमिनीवर दाटीवाटीनं बसल्या आणि आजींनी ती सगळी हकिकत पुन्हा, सुरुवातीपासून सांगितली. उज्ज्वला पुढेच बसली होती.

उज्ज्वलाचे वडील शाळेत परत कधी आले नाहीत आणि तीही माझ्याच तुकडीत राहिली. मात्र पुढच्या संक्रांतीला बाईंनी नव्या चौथीला तोच प्रश्न विचारला, तेव्हा मुख्याध्यापकांनी हरकत घेतली नाही. निवृत्तीपर्यंत त्या विचारत राहिल्या.

त्यांची एक सवय मला आता लागलीय. नव्या मुलाचं नाव त्याच्या आईच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या हजेरीपटावर चढवत नसत. गेल्या आठवड्यात एक मुलगी आली, वडील बिहारहून अंबडच्या कारखान्यात आलेले. आई फाटकापाशीच उभी होती. मी तिला वर्गात बोलावलं आणि लेकीचं नाव घ्यायला सांगितलं. ती लाजून, हळूच बोलली. मी म्हणून पाहिलं, चुकलं. मुलगी तोंडावर हात धरून हसली. आईनं पुन्हा सांगितलं, मी पुन्हा म्हटलं.

"हजर," मुलगी म्हणाली.