टाकीतलं शेवाळ आणि माझी सही

माझ्या सहीची गोष्ट मी शेवाळापासून सुरू करते, आणि माहेरचे लोक त्यावरून चिडतात. चिडू देत. शेवाळ नसतं तर मी मुकाट सही करून मोकळी झाले असते.

वडील गेल्यावर सायखेड्याच्या द्राक्षबागेवर आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. मग भावाने हक्कसोडपत्राचा विषय काढला, म्हणजे माझा वाटा त्याच्यासाठी सोडून देण्याचा कागद. आमच्याकडे मुली हक्क सोडतातच. आत्यांनी सोडला, मावशीने सोडला, म्हणून त्यांचं माहेर शाबूत राहिलं, असं आई म्हणायची. मलाही माहेर हवं होतं. मी हो म्हटलं.

त्याच दिवसांत माझ्या टाकीत काळं शेवाळ शिरलं. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात माझी माशांची टाकी आहे. आत माती, दगड आणि खरीखुरी पाणवनस्पती. घरात नवऱ्याचं, मुलांचं, सासूबाईंचं सगळं चालतं. टाकीत फक्त माझं चालतं. हे शेवाळ दाढीच्या खुंटांसारखं पानांच्या कडा धरून बसतं. घासावं तर पान फाटतं, शेवाळ जागेवरच. नवरा म्हणाला, सगळं उपसून प्लास्टिकची झाडं लाव. मी म्हटलं, आधी तुझ्या टकलावर लाव.

मी हट्टालाच पेटले. टाकीवरचा दिवा निम्माच वेळ लावायला लागले. माशांचं खाणं कमी केलं, तर सासूबाई मला कसाई म्हणाल्या. दर रविवारी बादल्या वाहून अर्धं पाणी बदललं, काळी पानं कात्रीने कापून टाकली, भराभर वाढणारी झाडं लावली, म्हणजे शेवाळाला खायला काही उरू नये. शिवाय नखाएवढ्या लाल कोळंब्या आणून सोडल्या. त्या दिवसभर पान न् पान चरत फिरायच्या. हळूहळू नवी पानं स्वच्छ यायला लागली. एका कोळंबीच्या पोटाखाली अंडी दिसली, तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

सहीच्या आदल्या दिवशी सकाळीच भाऊ मुक्कामाला आला. टाकीसमोर उभा राहून हसला.

"ताई, लय शेवाळ हाय गं. चिमूटभर मोरचूद टाक, सकाळपर्यंत काच होईल."

बागेवर रोग आला की मोरचूद आणि चुना फवारायचा. आम्ही दोघं त्या निळ्या पाण्याच्या पिंपांभोवतीच वाढलो. त्याचा दुसऱ्या कशावर विश्वासच नाही.

"अजिबात नाही," मी म्हटलं. "कोळंब्या मरतील. टाकीला हात लावायचा नाही."

"बरं बाई," तो म्हणाला, आणि मी ऑफिसला गेले.

संध्याकाळी परतले तर पाण्याला निळसर झाक आली होती. कोळंब्या तळाशी उताण्या पडल्या होत्या, एकूण एक. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता पाणी उपसायला लागले. त्याच्या गाडीत मोरचुदाची पिशवी होतीच, मला विचारायची काय गरज? तो सोफ्यावर चहा पीत बसला होता.

"मासे जगतील गं. तुझ्या भल्यासाठीच केलं."

"मी नाही म्हटलं होतं."

"आता तुला काय कळतंय त्यातलं?"

मी त्याच्यासमोरच रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. टीपॉयवर त्याने उद्याचे कागद काढून ठेवले होते. सही जिथे करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारलेल्या होत्या. मला हो की नाही विचारायची पद्धतच आमच्या घरात नव्हती. मीच आपली समजत होते की मी हो म्हटलंय.

"उद्या मी येत नाही," मी म्हटलं. "सही करणार नाही."

"एवढ्याशा किड्यांपायी भाऊ तोडतीस?"

"भाऊ तोडत नाहीये. सही करत नाहीये."

तो न जेवता निघून गेला. नवरा म्हणाला, राग ओसरला की बघ. राग ओसरला, तरी मी तेच म्हणत होते.

मोरचुदातलं तांबं मातीत मुरून राहतं, म्हणून सगळी माती फेकली आणि टाकी नव्याने लावली. शेवाळ यंदा पुन्हा आलंय. मीही पुन्हा कात्री घेऊन बसले आहे, बघू कोण आधी दमतं ते. भाऊबीजेला मात्र भाऊ आला नाही. ताट तयार करून ठेवलं होतं. ते मला फार लागलं, खोटं कशाला बोलू?

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला.

"आता कोणत्या तोंडानं येशील गं माहेराला?"

"येईन ना, आई," मी म्हटलं. "वाटेकरी म्हणून येईन."