डीजेची दहा गाणी

दुकानात सगळे त्याला डीजे म्हणत. पन्नाशी उलटलेली, टक्कल कपाळापासून मागे सरकत चाललेलं, आणि काम काय, तर साबण, फिनेल आणि कपडे धुण्याच्या पावडरींची रांग सांभाळणं. खोके फोडायचे, फळ्या भरायच्या, पुढचा माल संपला की मागचा ओढून पुढे आणायचा. हे करता करता तो नव्यातली नवी पॉप गाणी गुणगुणायचा. त्याच्या वयाची माणसं ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणून उसासे टाकू लागली की त्याचं डोकं फिरायचं. “अरे, ती ऐकून ऐकून झाली की! आता पुढे चला!”

वर्ष संपताना त्याच्या घरी एक कार्यक्रम ठरलेला असे. त्या वर्षातली त्याची आवडती दहा गाणी तो स्वयंपाकघरात वाजवायचा, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, आणि प्रत्येकाआधी छोटंसं भाषण ठोकायचा. बायको भाजी निवडत ऐकायची. लेक लहान होती तेव्हा पळी तोंडापुढे धरून नंबर पुकारायची. आता ती कॉलेजात जायला लागली होती, मैत्रिणींसमोर बापाच्या या नादाबद्दल चकार शब्द काढत नसे. पण त्या संध्याकाळी हटकून घरी असायची आणि भांडायची.

“बाबा, चौथं पहिलं पाहिजे. तुम्हाला कळत नाही.”

त्या वर्षी तो हरला. चौथं गाणं पहिलं झालं. घोगऱ्या आवाजाची एक पोरगी त्यात घराची किल्ली हरवून दाराबाहेर उभी असते, आणि आतल्या एकेका वस्तूला हाक मारते. ते ऐकताना बायकोच्याही हातातली भाजी थांबली होती.

त्याच सुमारास दुकानाच्या मॅनेजर मॅडमनी त्याला बोलावलं. मॅडम त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, बोलायला गोड. “मुख्य ऑफिसने सांगितलंय, नव्या वर्षात प्रत्येक शाखेने आपली गाणी निवडायची. तुमच्याशिवाय कोणाला विचारू?”

त्याला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं छतातल्या स्पीकरमधून बिनशब्दांचे, बेचव सूर गळत असत. आता तिथून त्याची गाणी वाजणार होती. घरी जाऊन त्याने लेकीला सांगितलं, आणि दोघांनी मिळून तीच दहा गाणी दिली.

पहिल्या सकाळी काय थाट होता! गल्ल्यावर बसणाऱ्या बाईने, जिला सगळे वहिनी म्हणत, उभ्या उभ्या कंबर हलवली. एक आजोबा टूथपेस्ट हातात धरून ताल देत राहिले. डीजेची छाती फुगली. मग दहा गाणी संपली आणि पुन्हा दहावं सुरू झालं. दुपारच्या आत ती सगळी अनेकदा फिरून आली. दहा गाणी म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण तास, आणि पाळी अख्ख्या दिवसाची, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

महिन्याभरात वहिनींची कंबर थांबली आणि तोंड सुरू झालं. “डीजे, त्या पोरीला एकदाची किल्ली मिळवून द्या हो! नाहीतर मीच कुलूप फोडते.”

सगळे हसले. तोही हसला, पण आता त्याची जीभ त्या ओळीच्या आधीच हलायला लागली होती. खोका फोडताना कुठल्या शब्दावर कटर चालणार हे त्याला ठाऊक असे. सातव्या गाण्यातला बासरीचा तुकडा पूर्वी ऐकताना अंगावर काटा यायचा. आता तो जवळ आला की दात आवळले जायचे. कानात कापूस घालून पाहिला, तर एका गिऱ्हाईक बाईंनी तीनदा हाक मारूनही त्याने वळून पाहिलं नाही आणि मॅडमची बोलणी खावी लागली.

शेवटी तो मॅडमकडे गेला. “तेवढं बदलता येईल का?”

“वर्षभराचं असतं ते काका. वरूनच लॉक केलंय, इथून बटणही नाही,” त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, “तुम्हीच दिली होती ना?”

नोकरी सोडावी म्हटलं, तर या वयात दुसरीकडे उभं कोण करणार. तो परत साबणांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. वर घोगरी पोरगी आपल्या खिडकीला हाक मारत होती.

एका रात्री जेवणं झाल्यावर लेकीने अभ्यास करता करता तेच गाणं लावलं.

“बंद कर ते!” तो ओरडला. घरात गाण्यावर तो आजवर कधीच ओरडला नव्हता. लेकीने घाबरून फोन उपडा ठेवला.

“बाबा, आपलं पहिलं आहे ते.”

“माहितीये,” तो म्हणाला आणि मटकन खाली बसला. मग हळूहळू सगळं सांगितलं. “दुकानात गाणी नसलेली एखादी जागा नाही का?” बायकोने विचारलं.

होती. मागची थंडगार खोली, जिथे गोठवलेला माल ठेवत. तिथे स्पीकर नव्हता आणि जायला कोणी तयार नसे. तिथलं काम त्याने मागून घेतलं. जाड जाकीट, हातमोजे, बोटांची पेरं ठणकायची; पण यंत्राच्या घरघरीशिवाय आवाज नाही. पहिल्या दिवशी त्याला रडूच आलं.

पंधरा दिवसांनी बाहेर पडताना दारावरचे वॉचमनकाका म्हणाले, “सुटलात तुम्ही.” आवाजात राग नव्हता. “मला मात्र दार सोडता येत नाही. झोपेतही वाजतात हो तुमची गाणी. बायको म्हणते, किल्ली किल्ली काय बरळता?”

डीजेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण निसटलो आणि या माणसाला आपल्या आवडीत कोंडून आलो. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तो जाकीट काढून दारावर उभा राहू लागला. काका तेवढा वेळ थंड खोलीशेजारच्या पॅसेजमध्ये स्टुलावर बसून डबा खात, आणि बहुधा डुलकीही काढत. डीजे दारात उभा राहून दहाच्या दहा गाणी ऐकायचा. आवडत नव्हतीच. पण निदान तेवढा वेळ तरी काकांना ती ऐकावी लागत नव्हती.

वर्ष सरत आलं तेव्हा मॅडमनी पुन्हा विचारलं. “पुढच्या वर्षासाठी कोणती देऊ?”

“मला नका विचारू,” तो म्हणाला. “कोणालाच नका विचारू. ते जुने बिनशब्दांचे सूर होते ना, तेच मागवा.”

“अहो, तुम्हीच त्यांना नावं ठेवायचात!”

“ठेवायचो. ते कोणाचे लाडके नव्हते, तेच बरं होतं.”

घरी लेकीने दहा गाणी काढून ठेवली होती. तिच्या एकटीची, कारण त्याने वर्षभरात नवीन काहीच ऐकलं नव्हतं. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच उभा राहिला. दहावं वाजलं. नववं वाजलं. आठव्याला त्याने हात वर केला.

“उरलेली उद्या चालतील?”

“चालतील की,” ती म्हणाली. “आणि बाबा, प्रत्येक एकदाच वाजवणार. मागितलंत तरी दुसऱ्यांदा नाही.”

तो आत येऊन पाटावर बसला आणि बायकोच्या पुढ्यातली अर्धी भाजी आपल्याकडे ओढून घेतली.